ताठ रेघ

हळद उतरली न उतरली तोच मी पुन्हा नाक्यावर कामाला बसले. मुक्ताईनगरच्या पुढे, मध्यप्रदेशच्या हद्दीजवळ, रस्त्याच्या दोन्ही अंगांना यंत्राचे खांब उभे आहेत. मधून ट्रक गेला की मालात किरणोत्सर्गी काही आहे का, ते आमच्या पडद्यावर उमटतं. चोरून काही नेणारा अजून सापडलेला नाही. सापडतात ती केळी. केळ्यात तसलं काहीतरी मुळातच थोडं असतं; भरला ट्रक गेला की यंत्र ओरडतं आणि पडद्यावर बुटकी, पसरट टेकडी येते. सोबत ड्युटीला असणारा भूपेंद्र न बघताच ‘केळी’ लिहिलेलं बटण दाबतो. फाटक वर जातं.

एप्रिलपासून मात्र मला एक वेगळी रेघ दिसत होती. काठी रोवल्यासारखी ताठ. ट्रक दरवेळी वेगळा, ड्रायव्हर वेगळा, रेघ तीच. वेळ भर बाराची. आणि त्यातला एकही ट्रक रिकामा होऊन परत आलेला मी पाहिला नाही. परतीच्या वाटेवरही आमचेच खांब आहेत.

भूपेंद्रला सांगितलं. “दुसऱ्या रस्त्यानं गेला असेल, मॅडम.” साहेबांना लिहिलं. उत्तर आलं, केळ्यांमुळे असे होते. घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “पोरी, उन्हानं डोकं तापते. रुमाल बांधत जाय.”

बांधते.

परवा बाराला डांबरावर उन्हाचं पाणी हलत होतं. वारा पडलेला. केळीची पानं उकडल्यासारखा वास आला, आणि रेघ उमटली. मान वर केली, तर ट्रक आमचाच. असोद्याहून माल भरून माझा नवरा, योगराज, निघाला होता.

भूपेंद्रचा हात बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

“अहो वहिनी, घरचं भांडण घरी करा ना!”

मी हातातलं छोटं यंत्र घेऊन उन्हात गेले. केळ्यांपाशी ते गप्प. चाकांपाशी गप्प. योगराजच्या शेजारी, क्लीनरच्या रिकाम्या सीटपाशी... त्याची टकटक सुरू झाली.

“वाटेत कुणाला बसवलंत?”

“या उन्हात कोण भेटतंय?” तो हसला. मग आवाज उतरला. “पण भुसावळ सोडल्यापासून तिकडचं दार आपोआप उघडत होतं... म्हणून दोरीनं बांधलं.”

दोरी ताणलेली होती. कुणी दाराला रेलून बसावं तशी.

“उतरा.”

“माल काळा पडेल, चारू. व्यापारी मला सोडेल का?”

“पडू दे. पुढे गेलात तर परत येणार नाही तुम्ही.”

दुसऱ्या कुणी ऐकलं नसतं. नवा नवरा, चिडून का होईना, उतरला. त्याबरोबर दोरी सैल पडली. यंत्र गप्प झालं.

आणि परतीच्या वाटेवरचं यंत्र ओरडलं.

रस्ता मोकळा होता. केबिनच्या खिडकीतून पडद्यावर दिसली ताठ रेघ, जळगावच्या दिशेला जाणारी. भूपेंद्रनं सवयीनं ‘केळी’ दाबलं. रिकाम्या रस्त्यावर फाटक वर गेलं, थोडं थांबलं, खाली आलं.

आम्ही दोघं केबिनमध्ये भूपेंद्रपाशी येऊन बसलो. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

“नवऱ्याले कायले अडवलं व तू? दारात उन्हात उभा हाये योगराज. आत ये म्हनते, तं येत नाही. म्हने, तिले इचार... जाऊ देते का.”

योगराज माझ्यासमोर बसून पाणी पीत होता.

इतक्या दिवसांत या रस्त्यावर माझी परवानगी विचारणारं हे पहिलंच कुणी.

“आई... नाही म्हणा त्याला. दार लावून घ्या.”

“हे घ्या! आता घरातबी तुह्यंच फाटक?”

मग फोन बाजूला धरून त्यांनी लाडानं मारलेली हाक मला स्पष्ट ऐकू आली.

“ये रे बाबा, ये आत. तिचं कायले ऐकतो?”