अजून काहीतरी कमी आहे

वाटी नाकाजवळ नेली मात्र, शोएबनं तोंड वाकडं केलं... आणि जीनतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कुंडलच्या त्या डंकावर उन्हाळ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं. लोखंडी मुसळं धाडधाड मिरची कांडत असतात, बाया नाकाला पदर लावून शिंकत असतात. त्यामुळं तिचं रडू कुणाला कळलं नाही. त्याला कळलं.

वाटीत तिच्या अम्मीच्या हातचा शेवटचा कांदा-लसूण मसाला होता. अम्मी, म्हणजे मदिनाबी, हिवाळ्यात गेली. बरणीच्या तळाशी जेमतेम उरलेला मसाला अब्बा रोज चिमूटभर भाकरीवर घ्यायचे, दुसऱ्या कशाला हात लावायचे नाहीत. तो संपायच्या आत तसाच करून घ्यायचा, म्हणून साताऱ्याला शाळेत शिकवणारी जीनत रविवारची गावी आली होती. अम्मीनं मापं कधी सांगितली नव्हती. पण नुसत्या वासावरून मसाला ओळखावा तर डंकवाल्या शोएबनं, असं सारं गाव म्हणायचं.

"खराब झालाय?"

"न्हाई... तसं न्हाई—"

"मग तोंड कशाला वाकडं केलंत? माझ्या आईच्या हातचा आहे तो!"

वाटी घेऊन ती तडक निघाली. शोएब एसटी स्टँडपर्यंत मागं आला, कोपरापर्यंत मिरचीनं लाल झालेला.

"आवं, ऐका तरी! तुमच्या आईच्या मसाल्यात काय बी खोट न्हाई. खोट माझ्या नाकात हाय."

करोनात तो तापानं पडला होता. ताप उतरला, पण वास गेला. पुष्कळ महिन्यांनी परत आला तो उलटा होऊन.

"कांदा परतला की टायर जळल्यागत येतं. लसूण म्हंजे तुंबल्यालं गटार. च्या, साबण, अत्तर... समदं वंगाळ. डॉक्टर म्हणत्यात, हळूहळू सुधारंल. लवंग, लिंबू आसलं रोज हुंगाय लावलंय. हुंगतोय."

जीनतला रडता रडता हसू फुटलं. "आणि चालवता काय, तर कांदा-लसणाचा डंक!"

"श्वास रोखून."

"मग लोकांना सांगता कसं? काय कमी, काय जास्त?"

"रंग बगतो. बोटात चोळतो. बाकी ठोकून देतो." त्यानं मान खाली घातली. "तुमाला बी ठोकून दिलं असतं. पण वाटी अशी धरली हुती तुमी... जीभच उचलंना. कुणाला सांगू नका. गिऱ्हाईक तुटंल."

"नाही सांगणार. पण माझा मसाला?"

"नाक तुमचं, हात माझं. जमंल?"

दर रविवारी दुपारी डंक बंद झाला की शोएब उखळीत मूठभर मसाला कांडायचा, नाकाला टॉवेल बांधून. जीनत हुंगायची. धने जास्त झाले... दगडफूल हवं अजून... कांदा आणखी लाल हवा. कांदा लाल करायचा म्हटलं की त्याचा चेहरा पांढरा व्हायचा, पण करायचा.

पहिल्यांदा ती ओढणीला अत्तर लावून आली, तेव्हा तो बोलता बोलता मागं मागं सरकत भिंतीला टेकला. पुढच्या खेपेला तिनं अत्तर लावलं नाही. त्यानं आपलं स्टूल जवळ ओढलं.

शेजारच्या सुलाबाई उंबऱ्यावर बसून सगळं बघायच्या. "काय रं शोएबा, आमचा मसाला एका दमात कांडतुस. हिचाच लय येळ?"

"अवघड हाय, मावशी."

"मसाला, का पोरगी?"

लग्नात पंगत बसली की शोएब कारण न सांगता घरी निघून जातो, हे तिला सुलाबाईंकडूनच कळलं. फलटणची एक सोयरीकही त्यापायीच फिसकटली होती. "घरात फोडणी पडली की पळून जाणारा नवरा कुणाला पायजे?" तो हसत म्हणाला. डोळे काही हसले नाहीत.

त्या रविवारी तिनं डबा आणला... गार दहीभात आणि काकडी. दोघं पायरीवर बसून जेवले.

"कसं लागतंय?"

"चव न्हाई कळत. पण काकडी कुरकुरती... आन् समोर कुणीतरी जेवतंय. लय दिसांनी."

आणि मग एकदा ताजा मसाला हुंगताना तिचे डोळे आपोआप मिटले. अम्मी! चुलीपुढं, बाह्या मागं सारून... तीच. अगदी तीच.

तिनं डोळे उघडले. समोर टॉवेलच्या वर त्याचे डोळे वाट बघत होते.

"अजून... काहीतरी कमी आहे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारीही तेच म्हणाली. मसाला जमला की इथं यायचं कारण संपणार. आणि अम्मीसाठी करायचं असं काही उरणार नाही.

पण मे सरता सरता अब्बांनी बरणीच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते हळूच म्हणाले, "धुऊन ठेव, बेटा." तेव्हा मात्र ती उठली आणि भर उन्हात डंकावर गेली.

"जमलाय, शोएब. कधीचाच जमलाय. मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"सुलामावशीनं चाखला. पदर डोळ्याला लावला आन् म्हणली, मदिनाबी आली." त्यानं फळीवरून डबा उतरवला. गच्च भरलेला. "तवाच कांडून ठेवलाय."

"मग दिला का नाहीत?"

"दिला असता, तर तुमी आला असता व्हय?"

मुसळं बंद होती. जीनतला स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती.

"जन्मभर फोडणीला अंगणात पळावं लागंल मला," तो म्हणाला. "इचार करा."

"केला. पळा खुशाल... मी खिडकी उघडी ठेवीन."

संध्याकाळी अब्बांनी भाकरीवर मसाला घेतला, घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. मग दुसरी भाकरी ओढली. मध्येच त्यांना अंगणात उभा असलेला शोएब दिसला.

"डबा घेऊन आलेलं पोरगं अजून बाहेरच का?"

जीनतनं सांगितलं. सगळंच सांगितलं... नाकाचंही, आणि दुसरंही. अब्बा ऐकत होते. नवा मसाला त्यांच्या ताटाशी होता, आणि त्याच्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

मग त्यांनी मसाल्यावर ताटली पालथी घातली, नीट दाबून.

"बोलाव त्याला आत," ते म्हणाले. "दही हाय न्हवं घरात?"