खिशातला खडू

"गोष्ट सांगा हवी तर, पण फळ्याचं तिच्या कानावर घालू नका. नवी आहे, गाशा गुंडाळून माहेर गाठेल."

सासूबाई हे स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात सासऱ्यांना म्हणाल्या. सून दाराआड ताटं पुसत होती. तिनं ती आणखी हळू पुसली.

जेवणं झाली आणि दिवे गेले. सासरे पुढच्या खोलीत खुर्चीत टेकले. शिक्षणाधिकारी म्हणून त्यांची उभी हयात सैन्यात गेली होती; जवानांचे वर्ग, परीक्षा, बढतीचे दाखले, सगळं त्यांच्याकडे. पण गोष्ट कधी स्वतःची नसायची. माझ्या ओळखीचा एक अधिकारी होता, अशीच सुरुवात. त्या अधिकाऱ्यालाही चष्म्याची काडी चावायची सवय असायची, हे सुनेनं केव्हाच टिपलं होतं.

आजच्या गोष्टीतल्या अधिकाऱ्याच्या वर्गात एक रीत होती. फळ्यापाशी जाणाऱ्याला खडूचा तुकडा मिळायचा. गणित बरोबर आलं की खडू साहेबाच्या टेबलावर ठेवून सुटायचं. चुकलं की खडू खिशात, आणि उद्या पुन्हा फळा. एका जवानाचा खडू खिशातच झिजला. भागाकारात तो शून्य विसरायचा. आठशे चोवीस पाव, आठ तुकड्या, उत्तर तेरा. अरे, माणसं उपाशी मारशील, साहेब म्हणायचा. वर्ग हसायचा, तोही हसायचा. पण दाखल्याशिवाय बढती नाही आणि बढतीशिवाय राहायला घर नाही. नुकतंच लग्न झालेलं. बायको गावी वाट बघत होती.

"म्हणजे आपला दादाच," दीर म्हणाला. "हिशेबात ढ."

नवऱ्यानं त्याला उशी फेकून मारली.

मग परीक्षेच्या तोंडावर त्या जवानाच्या तुकडीला सीमेवर जायचा हुकूम आला. निघताना तो खडू परत करायला दारात उभा राहिला. साहेबानं घेतला नाही. राहू दे तुझ्याकडे, म्हणाला. परत आलास की ये. फळा कुठं जातोय?

सासरे थांबले. काडी तोंडात गेली.

"परीक्षेच्या आदली रात्र. शुक्रवार. अमावास्या. साहेब बाकं लावून, कुलूप घालून निघाला. दिवे गेलेले, हे असेच. आणि मागं, बंद वर्गातून... आवाज. खडूचा."

दीर उशी कवटाळून पुढं सरकला.

"कुलूप काढलं. आत कोणी नाही. बॅटरी मारली. खडूची भुकटी अजून खाली पडत होती... फळ्यावर आठशे चोवीस. भागिले आठ. उत्तर..."

"तेरा," दीर पुटपुटला.

"पहाटे बातमी आली. संध्याकाळीच गेला होता तो."

अंधारात फक्त सासूबाईंची बांगडी वाजली.

पुढं वर्ग दुसऱ्या इमारतीत गेला, जुना फळा मोडीत निघाला, तेव्हा साहेबानं तो उचलून घरी नेला म्हणे. घरी कशाला, नवऱ्यानं विचारलं.

"त्यानं शोधत फिरू नये म्हणून."

"अजून येतो?"

"येतो." सासऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अजून तेराच येतं त्याला."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "झोपा आता."

सून उठली नाही. मागच्या खोलीत चादरीआड एक फळा होता आणि सासूबाई रोज पहाटे तो पुसायच्या. काल ती त्यांच्याआधी उठली होती. फळ्यावरचा भागाकार तिनं पाहिला. घरात भागाकार न येणारं कोण, हे नव्या सुनेनं विचारायचं नसतं. सासूबाईंचं फडकं पोचत नाही अशा वरच्या कोपऱ्यात तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं: जिथं भाग जात नाही, तिथं शून्य द्यायचं आणि पुढं जायचं.

आज पहाटे तिनं पुन्हा चादर उचलली होती. शिकलं बाई कोणीतरी, असं मनाशी म्हणत सासूबाईंचे कष्ट वाचवायला फळा स्वतःच पुसून टाकला होता. मग सासऱ्यांचं टेबल आवरताना हाताला काहीतरी लागलं. ते तिनं खिडकीत ठेवून दिलं होतं.

आता तिनं अंधारात खिडकी चाचपली. खडूचा तुकडा नखाएवढा उरला होता, खिशात राहून गुळगुळीत झालेला. तिनं तो सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "आज एकशे तीन आलं होतं. हा तुमच्या टेबलावर ठेवून गेला."