फलाटाएवढी सोबत

त्या काळी मेट्रो नवीकोरी होती आणि ती चालवायला माणूस लागायचा.

शेवटच्या स्टेशनवर तो चालक पुढच्या केबिनमधून उतरून मागच्या केबिनकडे निघाला होता; परतीची गाडी तिकडूनच हाकायची. पहिल्या डब्यात एक मुलगी, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, गाढ झोपलेली.

"ताई, गाडी इथेच संपते."

ती दचकली. "ताई? तुमच्याहून लहान दिसत नाही का मी?"

"झोपेत वय कळत नाही हो..."

हसू दाबत ती त्याच्याबरोबर चालू लागली. जिना फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. वर रस्ता, पलीकडे हॉस्पिटल, आणि तिथे तिचे बाबा. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दुकान सुटलं की घरून डबा घेऊन निघायची.

नंतरही ती मुद्दाम पहिल्याच डब्यात बसायची.

"शेवटच्या डब्यात बसा की. जिना तिथेच आहे, पायपीट वाचेल."

"वाचवून कुठे साठवू?"

गाडीच्या लांबीएवढं बोलणं व्हायचं. बाबांना आज दोन घास गेले... आज एकही नाही. मग तो केबिनमध्ये, ती जिन्यावर. बाबा बरे झाले तरी हे चालणं संपणार, आणि न झाले तरी... दोघांनाही ते ठाऊक होतं.

एका संध्याकाळी, ती जिथून चढायची त्या स्टेशनात गाडी शिरताना ती त्याला दिसली. नेहमीच्या जागी उभी – हात रिकामे.

त्याचा ब्रेकवरचा हात क्षणभर थिजला. गाडी थांबायच्या खुणेच्या पुढे गेली. डब्यांची दारं फलाटाच्या काचेच्या दारांसमोर आलीच नाहीत. "झोपलाय की काय हा!" आत आरडाओरड. काचेपलीकडून ती नुसती बघत राहिली.

त्याला गाडीवरून काढून कारशेडमध्ये बसवलं.

ती मात्र येत राहिली. बाबांचा चष्मा वॉर्डातल्या नर्सबाईंनी जपून ठेवला होता. काचा तिनेच बसवलेल्या. तेवढा आणायचा होता. रोज फलाटभर चालायची, जिन्याशी थांबायची आणि... माघारी फिरायची.

एकदा तिथे तो उभा होता. गणवेश नाही, साधाच सदरा.

"आज कुठे पहिली सुट्टी मिळाली."

"माझ्यामुळे झालं ना सगळं?"

"खूण माझी चुकली. हातात डबा दिसला नाही, आणि..."

"बाबा पहाटेच गेले होते." "संध्याकाळी तुम्हाला सांगायला उभी होते. दुसऱ्या कुणाला सांगावंसंच वाटेना."

तो जिन्याकडे बघत म्हणाला, "इतके महिने गाडी घेऊन येतोय, पण हा जिना कधी चढलो नाही. याल बरोबर?"

"वर चांगलं काही नाहीये हो..."

"माहीत आहे."

तिने कठडा धरला. पहिली पायरी, मग दुसरी. त्याची पावलं भराभर पडू लागली, तशी तिने त्याची बाही धरली.

"सावकाश. आज तुमची गाडी सुटत नाहीये."