टाचेवरची लाख

मला तिघांचे आभार मानायचे आहेत. त्यांतला एक माणूस नाही आणि एकाचं नाव मला ठाऊक नाही.

जो माणूस नाही तो पारखी, माझ्या आजीच्या प्रयोगशाळेतला रोबो. आजी, म्हणजे डॉ. सरोज मगदूम, मिरजेच्या एका रुग्णालयात रोगनिदान करते. बायोप्सीचे (तपासायला काढलेल्या शरीराच्या लहानशा तुकड्याचे) काप पारखी बघतो. हुशार आहे, पण शिष्टही तेवढाच. मी नमस्कार केला की "नोंद झाली" म्हणतो!

त्या दिवशी शाळेतून मी थेट तिथे गेले, तर बाहेर बाकावर रशीदचाचा बसलेले. चाचा आमच्या गल्लीत तंबोरे बनवतात. माझाही तंबोरा त्यांच्याकडेच होता, फक्त तारा चढवायच्या राहिल्या होत्या.

"सन्मती बेटी, जांघेत गाठ आलीय बघ," ते म्हणाले. "तुझी आजी काय म्हणते, आत जाऊन ऐक की."

आत आजी कपाळाला हात लावून बसली होती.

"कार्सिनोमा," पारखी म्हणत होता. "शरीराच्या अस्तरातल्या पेशींचा कर्करोग. गाठीत केरॅटिन सापडलं. ते अस्तराच्या पेशींचं प्रथिन."

"मग तो सुरू कुठे झाला? फुप्फुस, आतडं, सगळं स्वच्छ आहे. गाठ काय आभाळातून पडली?"

उद्या औषध सुरू व्हायचं होतं.

"आणि औषध चुकीचं असलं तर?" मी विचारलं.

"तर रोग वाढत राहील आणि वेळ हातची जाईल," आजी म्हणाली.

"पण केरॅटिन दिसतं कसं?"

"प्रतिपिंडं वापरतात (एकेका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू). ती चिकटली की रंगाने तेवढी जागा तपकिरी होते. पण एकाच खुणेवर विसंबायचं नसतं. गेल्या दिवाळीत आपल्या दारात फौजदार आला होता, आठवतो?"

मला हसू फुटलं. तो बहुरूपी होता! टोपी, शिट्टी, दरडावणं, सगळं अस्सल. बाबा तर गाडीची कागदपत्रं काढायला धावले होते.

"टोपीला फसलो," मी म्हणाले, "पण पायात स्लिपर होत्या!"

पाय म्हटल्यावर मला चाचांचा पाय आठवला. तंबोऱ्याचा भोपळा ते तळपायांत धरून घासतात. त्यांच्या टाचेवर काळा डाग होता. मी विचारलं, तर म्हणाले होते, "तंबोऱ्याच्या रंगाची लाख लागलीय गं. तंबोरेवाल्याला लाख लागणारच." कारखान्यात सगळ्यांनाच तसे डाग असतात, म्हणून कुणी बघितलंच नाही.

"पण आजी, लाल तंबोरा केला तेव्हा चाचांची बोटं लाल होती, पिवळा केला तेव्हा पिवळी. टाच मात्र काळीच राहिली!"

आजी ताडकन उठली. "पारखी, टाच पाहिलीस?"

"पाहिली. लाखेचा डाग म्हणून सोडली. रुग्णानेच तसं सांगितलं."

"त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्यांचा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. तो तळपायावरही होतो. त्या पेशींच्या खुणा शोध. सॉक्स-टेन बघ, एस-शंभर बघ."

"केरॅटिन सापडल्यावर पुढच्या चाचण्या मी अनावश्यक..."

"आधी बघ!"

गाठीच्या कापांवर दोन्ही खुणा तपकिरी उमटल्या. मग टाचेचा तुकडा तपासला, तर तिथेही तेच. रोग टाचेत सुरू होऊन जांघेत पोहोचला होता.

"मग केरॅटिन कुठून आलं?" मी विचारलं.

"प्रत्येक पेशीत सगळीच प्रथिनं बनवण्याच्या कृती लिहिलेल्या असतात. कुठली वापरायची, हे ठरलेलं असतं. कर्करोगात ती शिस्त बिघडते आणि क्वचित मेलॅनोमाची पेशी परक्याचं प्रथिन बनवते. बहुरूप्याची टोपीच ती! म्हणून खुणा अनेक बघायच्या आणि माणूसही नीट बघायचा."

उपचार बदलले. चाचांच्याच रोगप्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध मिळालं. "हे सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, रशीदभाई," आजीने स्पष्ट सांगितलं होतं. चाचांना लागू पडलं. टाचेवर शस्त्रक्रिया झाली, गाठ हळूहळू विरली.

आता कारखान्यात संध्याकाळी हातपाय धुतले की सगळे एकमेकांचे तळवे बघतात. न निघणारा डाग दिसला, तर थेट डॉक्टरकडे. पारखीही एक होकार आला म्हणून थांबत नाही. मी आभार मानले, तर म्हणाला, "नोंद झाली. चूकही नोंदली आहे." त्याचा शिष्टपणा मला पहिल्यांदाच आवडला.

यंदाच्या दिवाळीत चाचा स्वतः माझा तंबोरा घेऊन घरी आले. तारा जुळवत होते, तेवढ्यात दारात गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला मोठा डॉक्टर उभा. पायात मात्र त्याच स्लिपर!

"कोण आजारी आहे?" तो गरजला.

स्लिपरची गोष्ट मी चाचांना सांगितली होतीच. त्यांनी तंबोरा खाली ठेवला, लंगडत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला आमच्या पंगतीला आणून बसवलं. तो बिचारा गोंधळला.

"साहेब, कुणी नाही," चाचा म्हणाले. "मी होतो. तुमच्यामुळंच बरा झालो."

त्याला वाटलं, चाचा त्याच्या सोंगात सामील झाले. तो खुशीत हसला आणि आजी डोळे पुसत त्याला लाडू वाढू लागली.