झाड पाणी पितंय

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एक खोड जडते. आपलं माप कधी चुकत नाही, असं त्याला वाटू लागतं. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर सणाचं झाड आणायला गेले, तेही खिशात टेप घालूनच.

एरवी हे काम दादांचं. दादा म्हणजे इन्स्पेक्टरांचे थोरले भाऊ. ते उन्हाळ्यात गेले. वहिनी म्हणाल्या होत्या की यंदा झाड नको, गाणी नकोत, काहीच नको. पण पुतणीचा फोन आला : मी सणाला येतेय, आणि बाबा ठेवायचे तसं हिरवंगार झाड मला कोपऱ्यात दिसलं पाहिजे.

"तेवढं माझ्याकडे लागलं," इन्स्पेक्टर म्हणाले. ते दादांच्याच घरी वरच्या खोलीत राहत. सबंध जन्मात त्यांनी दादांचं एखादं काम अंगावर घेतल्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब, बुंधा बोटभर कापून देतो," झाडवाला म्हणाला. "जुना काप वाळला की चिकाने तोंड बंद होतं. मग झाड पाणी पीत नाही."

"बोटभर कापलंत तर शेंड्यावरचा तारा छतापासून बोटभर खाली येईल. मी मोजून घेतलंय."

झाडवाल्याने करवत खाली ठेवली. "मग घरी नेऊन तुम्हीच त्याची समजूत काढा."

झाड दिवाणखान्यात उभं राहिलं. तारा छताला असा टेकला की मध्ये कागद सरकू नये. खाली लोखंडी स्टँड, त्यात पाण्याचं भांडं. इन्स्पेक्टरांनी ते काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशीही ते काठोकाठ होतं. तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसली.

"भाऊजी, पाणी कमी झालेलं दिसत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "यांच्या वेळी सकाळ-संध्याकाळ घालावं लागायचं."

"नवीन जागा आहे, वहिनी. लाजतंय."

वहिनी हसल्या. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यानेच घात केला. दुपारी वहिनींचा डोळा लागल्यावर इन्स्पेक्टर गुडघे टेकून झाडाखाली शिरले आणि डावाने भांड्यातलं पाणी बादलीत काढलं. खोट्या मापाबद्दल ज्यांनी भल्याभल्या दुधवाल्यांना घाम फोडला, ते पोटावर सरपटत स्वतःच्याच घरी पाणी चोरत होते. कान तापले होते. पण संध्याकाळी वहिनी फोनवर मुलीला सांगत होत्या, "अगं, झाड पाणी पितंय! काकांनी अगदी बाबांसारखं ठेवलंय." मग दुसऱ्या दुपारीही सरपटणं आलंच.

एक खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. वहिनींना झाडाजवळ जुनी कॅसेट लावायची होती. दादांनी एकदा शेजारीपाजारी जमवून सणाची गाणी म्हणवून घेतली होती, ती. दादांना गाण्याची हौस भारी आणि धीर कमी. प्रत्येक गाण्यात ते सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचे. इन्स्पेक्टरांच्या कानाला ते दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागायचं.

"फीत अडकते, वहिनी," ते म्हणाले, आणि आपल्या पसंतीची, वृंदगानाची तकतकीत कॅसेट लावली. जुनी त्यांच्या कपाटात, मफलरखाली होती. फितीला काहीही झालेलं नव्हतं.

सण जवळ आला तशी झाडाची सुईसारखी पानं वाळू लागली. बोट लावलं की सुया झरझर गळत. इन्स्पेक्टर पहाटे उठून त्या वेचून ठेवत.

मग एका दुपारी ते डाव घेऊन झाडाखाली गेले, तर भांडं रिकामं होतं.

पहिला विचार आला तो वहिनींचा. त्यांना कळलंय, आणि दिराची अब्रू राखायला त्याही गुपचूप पाणी काढताहेत! इन्स्पेक्टर कानकोंडे झाले. त्यांनी भांडं भरलं, आत पेन्सिलीने खूण केली. वहिनी बाजारात गेल्या. यांनी दाराला कडी घातली, वृंदगान लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू होण्याच्या जरासं आधी भांड्यातलं पाणी हललं. खूण उघडी पडली.

तिसऱ्या गाण्याच्या आधी पुन्हा. या वेळी आवाजही आला. लहानसा, ओला. घोट गिळल्याचा.

इन्स्पेक्टरांनी झाड तिरकं केलं आणि बुंध्याला हात लावला. काप चिकाने बंद होता. काचेसारखा कडक. पाणी संपत होतं आणि झाड वाळत होतं.

संध्याकाळी पुतणी आली. बॅग दारातच टाकून झाडाकडे धावली. तिने फांदी कुरवाळली, आणि फांदी तिच्या हातात उघडीबोडकी झाली.

"काका?"

इन्स्पेक्टरांनी मान खाली घातली. "मी बुंधा कापू दिला नाही. झाड एक थेंब प्यायलं नाही. पाणी मी काढत होतो, आणि कॅसेटही चांगली आहे. मीच लपवली."

पुतणीने तळव्यावरच्या सुया झटकल्या.

"मला ठाऊक होतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पोटाला रोज सुया चिकटलेल्या असायच्या."

"मग आज दुपारी माझ्याआधी पाणी तुम्ही काढलंत?"

"मी कशाला काढू?"

पुतणीने वाकून पाहिलं. "आई, भांडं तर कोरडं आहे."

"बाजारातून आल्यावर मी भरलं होतं," वहिनी म्हणाल्या. "आणा ती कॅसेट."

इन्स्पेक्टर वर जाऊन कॅसेट घेऊन आले. जिना उतरताना त्यांना वाटलं, पायऱ्या संपूच नयेत.

फीत फिरली. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खाकरलं, हसू उसळलं. आणि सगळ्यांनी एकदम गायला सुरुवात केली.

एकदम. बरोबर ठेक्यात.

दुसरं गाणंही तसंच. तिसरंही.

"आई, बाबांचा आवाज कुठाय?" पुतणी म्हणाली. "यात बाबा होते ना?"

वहिनींनी टेप बंद केला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काचेचा ग्लास भरून आणला. चेहरा अगदी रोजचा होता. पाहुणे बसलेले असताना असतो तसा.

"घसा कोरडा पडलाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "भाऊजी, हा तिथे खाली ठेवा. भांड्यातून वाकून प्यायला त्रास होत असेल."

इन्स्पेक्टरांनी दोन्ही हातांनी ग्लास झाडाशी ठेवला आणि वळून दाराकडे चालू लागले. पुतणीने आईचा दंड घट्ट धरला होता. दोघी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होत्या.

त्यांच्या पाठीमागे रिकामा ग्लास फरशीवर टेकल्याचा हलका आवाज आला.

इन्स्पेक्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. भीती होतीच, पण तिचं काही वाटलं नसतं. दादांना तोंड दाखवायला त्यांना जागा नव्हती.