किमान दोघं

"एकट्या माणसाला नाही गं देत. किमान दोघं लागतात," खाणावळीच्या मावशींनी दारातूनच सांगितलं आणि दासोमचं तोंड एवढंसं झालं.

बुसानच्या समुद्रावरून बोचरा वारा येत होता. आत निखाऱ्यांवर मांस चुरचुरत होतं. सकाळीच तिने मुलांच्या एका पुस्तकाची सगळी चित्रं पूर्ण करून पाठवली होती. आज स्वतःचे लाड करायचे, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

"दोघांचं मी एकटी खाईन ना!"

"आणि चार खुर्च्या अडवून बसशील, त्याचं काय?"

"मी... मीही एकटाच आहे," मागून आवाज आला. उंच, खांद्याला अवजारांची पिशवी, थंडीने कान लालबुंद. "दोन एकटे मिळून दोघं होतात ना, मावशी?"

मावशी हसल्या. दासोमला हसू आवरलं नाही, पण बसता बसता तिने बजावलं, "गप्पा मारायची सक्ती नाही हं."

"देव पावला!" तो म्हणाला आणि खरोखरच गप्प बसला. मन लावून मांस भाजत राहिला. भाजलेला पहिला तुकडा त्याने न बोलता तिच्या ताटलीत सरकवला. शेवटी तिलाच राहवेना.

"अहो, तुम्ही अगदीच गप्प बसलात की!"

"मी पियानोचे सूर लावतो. दिवसभर कान टवकारलेले. घरी गेलो की आजी, काका, चुलत भावंडं... अकरा जण एकदम बोलतात. इथे लपून जेवायला येतो."

त्याचं नाव सनग्यू. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा दारात उभा दिसला. "योगायोग!" म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र योगायोगाचं नाव कुणीच काढलं नाही.

हळूहळू दासोम बोलती झाली. आन्दोंगमधलं तिचं घर म्हणजे घराण्यातलं थोरलं घर. पूर्वजांचं प्रत्येक श्राद्ध तिथेच, रांधायला बायका, नमस्काराला पुरुष. ती सव्वीसची झाली तशी आत्यांनी स्थळांची रांग लावली. ती उठली आणि बुसानच्या टेकडीवर एक खोली घेऊन राहिली.

"चमचा जिथे ठेवते तिथेच सापडतो. याहून मोठं सुख नाही," ती ऐटीत म्हणाली. मग हसत हसत सांगून गेली, "फक्त मागच्या आठवड्यात तापाने पडले होते, तर दोन दिवस कुणाला पत्ताच नाही!"

सनग्यू हसला नाही. "एक फोन करायचा."

"कुणाला करणार?"

"मला." तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. "मला करायचा... वेडे."

वेडे! 'अहो-जाहो'ची भिंत एका शब्दात कोसळली. घरी जाताना चढावर दासोमला धाप लागली, ती काही चढामुळे नव्हे.

नोव्हेंबरात त्याने चाचरत विचारलं, "रविवारी आमच्याकडे किमची घालायचीय... वर्षाची. येशील?"

ती गेली. अंगणात किमचीच्या लोणच्यासाठी रचलेले कोबीचे डोंगर, तिखटाच्या लाल लेपाने भरलेली पातेली आणि माणसंच माणसं. तिने उंबऱ्यात पाऊल टाकताच त्याच्या आईने तिच्या गळ्यात एप्रन अडकवला. "आली गं आमची सूनबाई!"

"मुहूर्त कधीचा?" सनग्यूची एक काकू ओरडली.

"चित्रं घरातूनच काढते ना? मग पतवंडं सांभाळायला बरंच झालं!" आजीने सगळं ठरवूनही टाकलं.

दासोमच्या कानात आत्यांचे आवाज घुमू लागले. तिने एप्रन काढला आणि कुणाला काही कळायच्या आत ती गल्लीत होती.

"दासोम! थांब!" सनग्यू धावत आला, कोपरापर्यंत लाल हात घेऊन.

"मला गुदमरतं रे तिथे!"

"मलाही गुदमरतं!" तो धापा टाकत म्हणाला. "चल, मीही सोडतो घर. आत्ता. तू म्हणशील तिथे राहू."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस खरंच निघाला असता. पण मघाशी अंगणात आजीने त्याचा कान धरला, तेव्हा तो कसा खुलला होता, तेही तिने पाहिलं होतं.

"माझ्यासाठी नको सोडूस," ती हळूच म्हणाली. "मला तू हवायस, सनग्यू. खूप... खूप हवायस. पण कुणीतरी ढकललं म्हणून नाही. माझ्या पायांनी चालत येईन."

तो लाल हात हवेत धरून तसाच उभा राहिला. "मिठी मारू? तुझा कोट वाया जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

पाठीवर लाल पंजे घेऊन ती एकटीच पुढे झाली आणि अंगणात शिरली. थेट त्याच्या आईसमोर उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"काकू, मी तुमची सून नाही. माझं तुमच्या मुलावर प्रेम आहे. लग्न करायचं की नाही, कधी करायचं, ते आम्ही दोघं ठरवू. आज मी पाहुणी म्हणून आलेय. चालेल?"

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खुंटीवरचे रबरी हातमोजे तिच्याकडे फेकले.

"पाहुणी असलीस तरी हात चालव. कोबी काही लग्नासाठी थांबत नाही!"

अंगण खदखदून हसलं. दासोम कोबीच्या ढिगाशी बसली. पानापानाला लेप लावताना तिला इतका जोर चढला, की आजीने दोनदा हळू लाव म्हणून दटावलं.

ऊन कलल्यावर तिने हातमोजे उतरवले. "येते मी."

क्षणभर आईच्या ओठांवर 'जेवून जा' आलं. तिने ते गिळलं. "सावकाश जा हं," एवढंच म्हणाली.

सनग्यू फाटकापर्यंत आला. "सोडायला येऊ?"

"आज नको." ती उतारावरून जवळजवळ पळतच निघाली आणि वळून ओरडली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "उद्या माझ्याकडे ये!"