ओबाला मामांचा चार दिव्यांचा राउटर

ओगुटू अकरा वर्षांचा झाला त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, म्हणजे ओविती काकांनी, बायकोच्या माहेरी द्यायच्या लग्नाच्या गाईंपैकी शेवटची गाय एकदाची पोचती केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या सुट्टीतली ही गोष्ट.

"बोट दोनला सुटते," काका म्हणाले. "आता सव्वाबारा. ओगुटूच्या मामांनी राउटरचं खोकं बांधून ठेवलंय. घ्या, दोन शब्द बोला आणि या."

म्बिटा गावात, सरोवराच्या किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या एका होडीवर काका बसले होते, तेही मामांच्या दुकानाकडे पाठ करून. ऊन डोक्यावर आलं होतं. समोर ताडपत्रीवर वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा वास सगळीकडे भरला होता.

"काका, तुम्ही नाही येत आत?" धाकट्या ओकेलोनं विचारलं.

"आत सासूबाई बसल्यात."

"मग?"

"मग काय मग? सासूबाई बसल्यात त्या खोलीत जावई शिरतो का? हा काय कपड्यांचा बाजार आहे?"

"पण तुम्ही इथं भाजून निघाल."

"निघू दे." काकांनी टोपी पुढे ओढली. "आणि ऐका. तिथं खोकं फोडून बघत बसू नका. सासुरवाडीची वस्तू तपासून घेणारा जावई मी अजून पाहिला नाही."

बारा वर्षांची अकुमू शेजारी उभी होती. ती ओकेलोची मोठी बहीण, आणि ओगुटूची चुलत बहीण. तिच्या खिशात एक कागद होता, आणि त्यावर तिच्याच हातानं तीन ओळी लिहिल्या होत्या.

"आणि चालला नाही तर?" तिनं विचारलं.

"चालेल. माझे मेहुणे आहेत ते."

हे काही कारण झालं नाही, असं अकुमूला वाटलं. पण मोठ्यांना तसं तोंडावर सांगता येत नाही.

राउटर दानीसाठी हवा होता. दानी म्हणजे त्यांची आजी. ती म्फांगानो बेटावर राहायची, आणि तिची धाकटी बहीण, अलुओच आजी, सरोवराच्या पलीकडच्या काठाला, टांझानियातल्या शिरातीला दिलेली होती. दोघींनी एकमेकींना बघून तीस वर्षं झाली होती. आता दोघींचे गुडघे गेले होते. त्यात जूनपासून अलुओच आजींनी अंथरूण धरलं होतं. त्यांच्या नातवानं निरोप पाठवला होता, 'उद्या रविवारी चार वाजता फोन आजीच्या तोंडापुढे धरतो. तुमच्याकडून काहीतरी जमवा. पुढचे किती रविवार हातात आहेत, सांगता येत नाही.'

दानीच्या घरात मात्र कुठल्याच कंपनीचा सिग्नल येत नव्हता. घरामागच्या खडकावर चढलं की पिवळ्या कंपनीचा तेवढा यायचा, आणि दानीला खडक चढता येत नव्हता. ईस्टरला काकांनी आपला फोन खडकावर ठेवून खाली वायफाय आणायचा प्रयत्न केला होता. फोन तापला, मध्येच कुणाचा तरी कॉल आला, आणि सगळंच बंद पडलं. म्हणून आता सोबत नेता येईल असा छोटा राउटर घ्यायचा ठरला होता.

अकुमूच्या कागदावरच्या ओळी अशा होत्या: पिवळ्या कंपनीचं सिम चाललं पाहिजे. खडकावर वीज नाही, तेव्हा बॅटरी सहा तास टिकली पाहिजे. खडकापासून दानीच्या खुर्चीपर्यंत बेचाळीस पावलं, तिथपर्यंत वायफाय पोचलं पाहिजे. ती पावलं तिनं स्वतः मोजली होती.

पिवळं सिम आणि काकांचा फोन घेऊन तिघं दुकानात शिरली.

दाराशीच काकांच्या सासूबाई, म्हणजे ओगुटूच्या दुसऱ्या आजी, पेनिना आजी, चटईवर बसून शेंगा सोलत होत्या. एका कानात वायरीचा इअरफोन होता आणि ओठ पुटपुटत होते. चर्चमधली गाणी ऐकत असाव्यात.

"आले का भाचे," ओबाला मामा गल्ल्यामागून म्हणाले. "हे घ्या खोकं. पळा, बोट चुकेल."

दोरीनं करकचून बांधलेलं खोकं त्यांनी पुढे सरकवलं. बोट सुटायला अजून दीड तास होता. मामांना एवढी कसली घाई, अकुमूला समजेना.

"मामा, एकदा चालू करून दाखवा ना."

"ते बांधलेलं कशाला सोडायचं? हा बघ, अगदी तसाच." मामांनी फळीवरचा पांढरा, चपटा राउटर उचलला आणि बटण दाबलं. चार हिरवे दिवे लागले. "फोन दे इकडे."

फोन घेऊन मामा वळले, पाठ करून काहीतरी टाइप केलं, आणि परत दिला. त्यावर फुटबॉलचा सामना सुरू झाला होता.

"काय झकास दिसतंय," ओकेलो म्हणाला. "अक्का, हाच घेऊ."

मामा एका गिऱ्हाइकाच्या फोनची काच बदलायला वळले. अकुमूनं राउटर हातात घेतला आणि उलटा केला. सिम घालायची खाच रिकामी होती. तिनं नखानं चाचपून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

ती दोघांना दाराबाहेर घेऊन आली.

"यात सिमच नाही."

"सिम नसताना चालतो?" ओकेलोचे डोळे चमकले. "मग तर हाच घ्यायला पाहिजे. रिचार्जसुद्धा नको."

"अरे बैला, सिम नसताना सामना येतोय कुठून?" ओगुटू म्हणाला. मग तोच घुटमळला. "अक्का, माझे मामा आहेत ते. फसवतील कशाला?"

"फसवतात असं मी कुठं म्हणाले? फोन पाठ करून का लावला, एवढंच विचारतेय. गल्ल्याच्या मागं तो पडदा लावलाय, त्याच्यामागं काय आहे?"

"मामांची झोपायची जागा."

"तू जाऊ शकतोस?"

ओगुटूनं छाती फुगवली. बहिणीच्या लेकराला त्यांच्या लुओ समाजात ओकेवो म्हणतात, आणि ओकेवोला आजोळी कुणी कशाला नाही म्हणत नाही. तो कोंबडी धरून नेईल, टोपलीतलं खाऊन टाकेल, मामानं फक्त हसायचं. बापानं जिथं पाऊल टाकायचं नाही, तिथं पोरानं लोळलं तरी चालतं.

"मामा, मी सोडा घेतोय," म्हणत तो सरळ पडद्यामागे गेला.

थोड्या वेळानं तो बाटली तोंडाला लावूनच बाहेर आला. "आत भिंतीवर एक मोठा राउटर लावलाय," तो कुजबुजला. "त्याच्यावर वायफायचं नाव चिकटवलंय. ओबाला चार. तुझ्या हातातल्या फोनवर काय नाव आहे?"

अकुमूनं पाहिलं. ओबाला चार.

"आत जा आणि त्याचं बटण बंद कर," ती म्हणाली. "वीस आकडे मोज आणि परत लाव."

ओगुटू शेंगा शोधायच्या निमित्तानं आत गेला. फोनवर एक खेळाडू चेंडूला लाथ मारायला पाय उचलून होता, तो तसाच थिजला. पांढऱ्या राउटरचे चारही दिवे मात्र आनंदात लुकलुकत होते.

"मामा, बंद पडलं."

"नेटवर्क गेलं असेल. दुपारचं जातं."

वीस आकडे झाले, आणखी एक मिनिट गेलं. खेळाडूनं लाथ मारली.

"आलं," अकुमू म्हणाली.

"म्हटलं ना."

तेवढ्यात पुन्हा गेलं. पुन्हा आलं. ओगुटूला मजा वाटायला लागली होती. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा मामांनी वर पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि मग हळूच पडद्याकडे पाहिलं.

"ओगुटू, बाहेर ये."

"शेंगा सापडत नाहीत, मामा."

"शेंगा तुझी आजी इथं सोलतेय. बाहेर ये."

ओगुटू आला.   अकुमूनं खिशातून पिवळं सिम काढलं, पांढऱ्या राउटरच्या खाचेत सरकवलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर उमटलेली ओळ वाचून दाखवली. "हे यंत्र दुसऱ्या कंपनीला बांधलेलं आहे. हे सिम स्वीकारता येत नाही."

"तो दाखवायचा नमुना आहे," मामा म्हणाले. "खोक्यातला वेगळा."

"मघाशी तुम्ही अगदी तसाच म्हणालात."

"पोरी, तुझ्या काकांनी मला एक प्रश्न विचारला नाही. आणि तू पोलिसासारखी बोलतेस?"

अकुमूचा चेहरा उतरला. ती धावत होडीपाशी गेली आणि काकांना सगळं सांगितलं. काकांनी मान खाली घातली. घामाचा एक थेंब नाकावरून वाळूत पडला.

"अकुमू, ते खोकं घे आणि चल."

"पण तो दानीच्या इथं चालणार नाही. उद्या चार वाजता..."

"कळतंय मला. पण मी जाऊन मेहुण्याला खोटा म्हणू? सासूबाईंच्या देखत? गाई आत्ता कुठं पुऱ्या केल्यात. पुढच्या सुट्टीत दुसरा बघू."

"पुढच्या सुट्टीत अलुओच आजी असतील?"

 काकांची पाठ आणखी वाकली.

अकुमू परत निघाली, आणि दुकानाच्या पायरीवर तिला एकाएकी उमगलं. काका विचारणार नाहीत. काका परत आणणार नाहीत. काका आतसुद्धा येणार नाहीत. बिघडलेला माल द्यायला याच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक दुसरं कुठलं मिळणार?

"ओगुटू," ती म्हणाली, "तू ओकेवो आहेस ना? मग फळीवरची बाकीची खोकी उतरव."

ओगुटू स्टुलावर चढला. मामांनी हात पुढे केला, आणि तो तसाच खाली घेतला. भाच्याचा हात आईसमोर कसा धरायचा? ओगुटूनं एक खोकं फोडलं. पिवळं सिम घातलं. तीच ओळ. दुसरं फोडलं. तीच ओळ. ओकेलो खोकी उचलून देत होता आणि मोठ्यानं मोजत होता. पाचव्या खोक्याला दाराशी शेंगांची टोपली जमिनीवर आपटली.

पेनिना आजींनी कानातला इअरफोन काढला होता.

"ओबाला, ही खोकी किती आहेत?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"मोजता येतं मला. किती?"

"वीस," मामा म्हणाले.

"कुठून आणलीस?"

"बुसियाच्या सीमेवरून. स्वस्त मिळाली." मामांचा आवाज बारीक झाला. "पलीकडच्या देशातल्या कंपनीला बांधलेली निघाली. मलाही तिथं कुणी सांगितलं नाही."

"म्हणून जावयाच्या गळ्यात बांधायची? तो बोलणार नाही म्हणून? तो माझ्या मानापोटी बाहेर उन्हात करपतोय, आणि तू त्या मानाचा धंदा करतोस?"

मामा फोनच्या स्क्रूकडे बघत राहिले.

"तुला कसला पाहिजे, पोरी?" आजींनी विचारलं. अकुमूनं कागद काढून तिन्ही ओळी वाचल्या. आजींनी चटईखाली हात घातला आणि एक जाड, काळा, कोपरा खरचटलेला राउटर बाहेर काढला. कानातली गाणी फोनवर त्याच्यातूनच येत होती.

"हा त्यानं माझ्यासाठी आणला. आईला मात्र नीट आणला, बघ. रविवारी सकाळी नऊला लावते, प्रार्थना, प्रवचन, गाणी सगळं ऐकते. तीन वाजेपर्यंत मरत नाही. तुमचं सिम घालून बघा."

अकुमूनं हात पुढे केला, आणि थांबली. "आजी, रागावू नका. बेचाळीस पावलं चालून बघितलं तर चालेल?"

पेनिना आजी पहिल्यांदाच हसल्या. "घे. माझाही तपासून घे."

पिवळं सिम आत गेलं. एक दिवा लाल झाला, बराच वेळ लाल राहिला, आणि मग हिरवा झाला. ओकेलो राउटर घेऊन किनाऱ्याकडे चालू लागला. अकुमू फोनवर एक गाणं लावून दारात उभी राहिली. पाठीमागे सरकताना तो एकदा मासळीच्या ताडपत्रीवर पडता पडता वाचला, आणि मासळीवाल्या बाईनं त्याला चार शब्द सुनावले. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. फोनवरचं गाणं एकदाही अडखळलं नाही.

"मामा, बटण बंद आहे ना आतलं?" अकुमूनं वळून विचारलं.

"बंद आहे, बाई," मामा म्हणाले. "जाऊन बघ हवं तर."

ती खरंच जाऊन बघून आली.

"ओबाला, पुढच्या रविवारच्या आत मला असाच दुसरा आणायचा," पेनिना आजी म्हणाल्या. "आणि ती वीस परत जातील. हा मी जावयाला देत नाहीये, त्याला संकोच वाटेल. माझ्या नातवाला देतेय." मग अकुमूकडे वळून त्या जरा आवाज चढवून, बाहेर होडीपर्यंत ऐकू जाईल असं बोलल्या. "माझ्या घरी अशी डोळे उघडे ठेवणारी एक पोर असती, तर माझा मुलगा सीमेवर फसला नसता."

होडीवरची टोपी हलली.

दोनच्या बोटीत काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अकुमू, मी मान राखायला गेलो आणि आईचा रविवार घालवत होतो. तू बरं केलंस." इतकंच. पण काका सहसा एवढंही बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ओगुटू राउटर घेऊन खडकावर चढला आणि तो सावलीच्या कपारीत ठेवून आला. दानीनं नवा रुमाल बांधला होता. चार वाजता फोन वाजला, आणि पडद्यावर उशीला टेकलेला एक सुरकुतलेला चेहरा आला. दानी डोळे बारीक करून बघत राहिली.

"ही कोण म्हातारी?"

"मी तेच विचारणार होते," पलीकडून आवाज आला. "तुझे दात कुठं गेले गं?"

"तुझे गेले तिथंच."

दोघी हसल्या. मग दानीनं बोटानं पडद्यावरचा गाल चोळला आणि चित्र हललं, तशी ती दचकली. अकुमूनं तिचा हात हलकेच बाजूला घेऊन धरून ठेवला. आईचं भांडण, कुणाची तरी चोरलेली कोंबडी, नदीत वाहून गेलेला घागरा, काय काय निघालं. साडेपाच वाजून गेले तरी कुणी थकलं नाही.

"हे यंत्र कुणी निवडलं?" दानीनं नंतर विचारलं.

"पोरांनी," काका म्हणाले. "मी उन्हात बसलो होतो."

दानीनं तिघांच्या डोक्यावर एकेक करून हात ठेवला.

राउटर बेटावरच राहिला. सुट्टी संपल्यावर शेजारीण दर रविवारी तो खडकावर नेऊन ठेवायची आणि आपला फोन दानीपुढे धरायची. दानीनं बहिणीला तेरा रविवार पाहिलं. अलुओच आजी त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी, शिरातीला आपल्या घरी वारल्या.